पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही: मदरबोर्ड खरंच गेलाय का, हे घरच्या घरी कसं शोधायचं

माझा पहिला पीसी मी २०२२ च्या डिसेंबरात ठाण्याच्या घरी जुळवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले होते: इंटेलचा आय-५ १२४००एफ प्रोसेसर, बी-६६० चिपसेटचा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि एक साधं ग्राफिक्स कार्ड. रात्री अकराच्या सुमारास बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावरचे दिवे लागले, पण मॉनिटर काळाच राहिला. धाकटा भाऊ शेजारी उभा होता, तो म्हणाला, "ताई, बोर्ड उडाला."

ते ऐकून मी घाबरले आणि हाताला येईल ते काढून परत बसवत सुटले. त्या रात्री प्रोसेसर तीन वेळा सॉकेटमधून बाहेर काढला. मूळ बिघाड बोर्डात नव्हताच, तो कुठे होता ते पुढे येईल. पण तिसऱ्यांदा प्रोसेसर बसवला तोवर सॉकेटमधली एक पिन वाकली होती. म्हणजे बिघाड शोधण्याच्या नादात एक नवा बिघाड तयार झाला होता.

त्यानंतर भावाच्या मित्रांचे आणि नात्यातल्या मुलांचे बरेच पीसी माझ्याकडे आले. ते तपासताना मी एक क्रम ठरवून घेतला. ज्या तपासणीने काहीच बिघडू शकत नाही ती आधी करायची, आणि प्रोसेसरच्या सॉकेटला हात अगदी शेवटी लावायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. मधली पायरी गाळू नका.

सुरुवातीला फक्त बघायचं

जळका वास आला, धूर दिसला किंवा 'फट्' असा आवाज झाला, तर प्लग काढा आणि "एकदाच पाहू" म्हणून परत चालू करू नका. शॉर्ट झालेल्या बोर्डात दुसऱ्यांदा वीज सोडली की एका जळालेल्या भागामागे प्रोसेसरही जाऊ शकतो. अशा वेळी मधल्या पायऱ्या सोडून थेट खालच्या 'बोर्डाकडे डोळ्यांनी' या भागाकडे जा.

तसं काही नसेल तर नेमकं काय होतंय ते कागदावर लिहून काढा. बटण दाबल्यावर काहीच हलत नसेल तर संशय वीजपुरवठ्यावर, बटणाच्या वायरवर किंवा शॉर्टवर जातो. पंखा अर्धा सेकंद फिरून थांबत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट असतो आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असतो. पंखे नीट फिरतात पण डिस्प्ले येत नाही, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि त्यात बोर्ड बऱ्याचदा निर्दोष निघतो. चौथा प्रकार फसवा असतो. पीसी चालू होतो, पण अर्धीच रॅम दिसते किंवा एखादा स्लॉट ओळखला जात नाही. लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, पण सॉकेटच्या पिना वाकल्याची खूण बऱ्याचदा हीच असते.

आणि थांबा. हे मी अगदी मनापासून सांगते. डीडीआर-५ रॅमचा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेतो. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम-५ बोर्डांवर तर हे काम काही मिनिटं चालू शकतं. त्या वेळात मॉनिटर काळा असतो, कधी पीसी आपोआप बंद होऊन परत चालू होतो. अशा वेळी माणूस घाबरून बटण दाबून धरतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पहिल्या वेळी घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात लावू नका.

भिंतीपासून बोर्डापर्यंत

भिंतीवरच्या ज्या सॉकेटमध्ये पीसी लावलाय तिथे आधी मिक्सर किंवा इस्त्री लावून पाहा. एसएमपीएसच्या पाठीमागे छोटं बटण असतं, ते रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं.

त्यासोबत अर्थिंगही बघून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण आत अर्थची वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तीच खूण. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर धातूच्या अंगावर थोडी वीज सोडतात. ती अर्थमधून निघून जायला हवी, वाट मिळाली नाही तर ती कॅबिनेटवरच राहते. मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दोन-तीन. असं येत नसेल तर वायरमनला बोलवा आणि तोवर टीव्हीची एचडीएमआय वायर चालू पीसीला जोडू नका. अर्थ नसलेल्या घरात त्या जोडणीत उडालेल्या छोट्या ठिणगीनेही ग्राफिक्स कार्डाचं पोर्ट जाऊ शकतं.

आता आतल्या वायरी. प्लग काढा, पीसीचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा पुण्याच्या थंडीत अंगावर साठणारी स्थिर वीज कोकणातल्या दमट हवेपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून नायलॉनचे कपडे घालून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नका.

बोर्डाला दोन ठिकाणी वीज लागते आणि पहिल्यांदा जुळवणारे दुसरं ठिकाण विसरतात. मोठा २४ पिनांचा कनेक्टर सगळ्यांना दिसतो. प्रोसेसरजवळ वरच्या कोपऱ्यात आणखी आठ पिनांचा असतो. तो लावला नाही तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. दोन्ही कनेक्टर 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा. नवा २४ पिनांचा कनेक्टर चांगला घट्ट असतो, तो बसवताना बोर्ड खालून दुसऱ्या हाताने धरा, वाकू देऊ नका.

या आठ पिनांच्या जागी ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर कधीही घालू नका. दिसायला दोन्ही सारख्या, पण १२ व्होल्ट आणि जमीन (ग्राउंड) यांच्या जागा एकमेकांच्या उलट असतात. आकार वेगळा असल्याने ती सहज बसत नाही. जोर लावून बसवली तर मात्र नुकसान पक्कं. प्रोसेसरची वायर चार अधिक चार अशी दुभंगते, कार्डाची सहा अधिक दोन अशी, त्यावरून ओळखा.

माझी चूक जिथे होती

मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते बघा. माझ्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' होतं. इंटेलच्या एफ प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसतं. बोर्डाच्या पाठीमागे एचडीएमआयचं पोर्ट असतं, ते दिसतं, आणि मी वायर तिथेच लावली होती. त्या पोर्टातून काही येणं शक्यच नव्हतं. वायर दोन इंच खाली, ग्राफिक्स कार्डाला लावायला हवी होती. एवढंच. एएमडीतही हाच फरक आहे. रायझेन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझेन ७००० मालिकेत बहुतेकांत आहे, पण नावात एफ असलेल्यांत नाही. त्यामुळे आपल्या प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

कार्डाला वेगळी वीज लागत असेल तर तीही लावलीय का पाहा, आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय का हेही.

त्यानंतर रॅम. चार स्लॉट आणि दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते पाहा. रॅम बसवताना दोन्ही टोकं खाली गेली पाहिजेत. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिट्टी असते, मग दुसरी बाजू अर्धवट वर राहिली तरी लक्षात येत नाही.

बोर्ड स्वतःच काही सांगतोय का

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर २४ पिनांच्या कनेक्टरच्या आसपास चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू होताना ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागूनच राहतो, तिथे काम अडलंय. डीरॅमचा दिवा अडला तर रॅम किंवा सॉकेटच्या पिना. व्हीजीएचा अडला तर कार्ड, त्याची वीज किंवा वायर. बूटचा अडला तर आनंद माना. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ठीक आहेत, फक्त डिस्क सापडत नाही किंवा तिच्यावर विंडोज नाही. सीपीयूचा दिवा अडला तर आठ पिनांची वीज, बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आणि शेवटी सॉकेट, या क्रमाने बघा.

दिवे नसतील तर बोर्डावर 'स्पीकर' लिहिलेल्या पिनांवर लावायचा छोटा बझर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. किती वेळा वाजला ते मोजा आणि अर्थ आपल्याच बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये शोधा, कारण प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असतो.

कॅबिनेटमधून बाहेर

इथवर काही सापडलं नाही तर बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीत येतो तिच्यावर ठेवून मात्र चालू करू नका, त्या पिशवीच्या थरातून वीज वाहू शकते.

बोर्ड काढल्यावर कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) मोजा. पूर्ण आकाराच्या बोर्डाला सहसा नऊ भोकं असतात. तुमचा बोर्ड लहान असेल आणि कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डासाठीचा एखादा स्टँडऑफ आधीपासून बसवलेला असेल, तर तो बोर्डाच्या पाठीला भलत्याच जागी टेकतो आणि शॉर्ट करतो. ज्या स्टँडऑफवर बोर्डाचं भोक येत नाही तो काढून टाका. मागच्या पोर्टांभोवती बसणाऱ्या पत्र्याची एखादी पाकळी यूएसबीच्या भोकात घुसली आहे का, सुटलेला स्क्रू बोर्डाखाली पडला आहे का, तेही पाहा. बोर्डाला काहीही झालेलं नसताना पीसी 'मेलेला' दिसतो, त्यात ही कारणं वारंवार निघतात.

खोक्यावरच्या बोर्डाला फक्त एवढंच ठेवा: प्रोसेसर त्याच्या पंख्यासकट, एक रॅम आणि दोन्ही वीजवायरी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. डिस्क, यूएसबी, कॅबिनेटच्या वायरी सगळं दूर. आता चालू करायचं ते बटणाशिवाय. समोरच्या बटणांच्या नऊ पिनांच्या गटात 'पॉवर स्विच' अशी खूण असलेल्या दोन पिना मॅन्युअलवरून शोधा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडा. यात धोका नाही, तिथे अगदी क्षीण व्होल्टेज असतं. फक्त शेजारच्या पिनांवर टोक घसरू देऊ नका. पीसी असा चालू झाला आणि कॅबिनेटच्या बटणाने होत नव्हता, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

रॅम एकेक करून प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहा आणि निकाल लिहून ठेवा. एक रॅम कुठेच चालत नसेल तर रॅम वाईट. दोन्ही रॅम एका बाजूच्या स्लॉटांत चालतात, दुसऱ्या बाजूच्या स्लॉटांत नाही, तर रॅम निर्दोष आहे आणि दोष बोर्डाच्या त्या चॅनेलमध्ये, म्हणजे त्या स्लॉटांपासून प्रोसेसरच्या सॉकेटपर्यंतच्या वाटेत. माझ्याकडे असंच झालं. वायर कार्डाला लावल्यावर डिस्प्ले आला, पण फक्त आठ जीबी दिसत होती. त्या नोंदीवरूनच मी पुढे सॉकेटपर्यंत पोचले. जाता जाता एक: प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी असंच लक्षण दिसू शकतं. सॉकेट उघडण्याआधी कूलरचे स्क्रू थोडे सैल करून कर्णाच्या क्रमाने सारखे आवळून पाहा.

सीमॉस आणि बायोस

बोर्डाने साठवलेल्या सेटिंग (सीमॉस) पुसण्यासाठी प्लग काढा, बोर्डावरचा सीआर २०३२ बटण सेल काढा, दहा मिनिटांनी परत बसवा. किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या 'क्लिअर सीमॉस'च्या दोन पिना दहा सेकंद जोडा. सेल मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा. दुकानात बरेच दिवस पडून राहिलेल्या बोर्डाचा सेल उतरलेला असू शकतो.

बायोसची गोष्ट थोडी वेगळी. बी-४५० बोर्ड २०१८ मध्ये आले, रायझेन ५००० मालिका २०२० च्या शेवटी. जुन्या बायोसचा बोर्ड तो प्रोसेसर ओळखतच नाही. बी-६६० आणि तेराव्या पिढीच्या इंटेलचंही तसंच. बोर्ड पूर्ण चांगला, प्रोसेसर पूर्ण चांगला, तरी डिस्प्ले नाही. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो याचा तक्ता असतो, तो आधी पाहा. बोर्डावर फ्लॅशबॅकची सोय असेल तर प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नावच द्या, ठरलेल्या यूएसबी पोर्टात लावा आणि बटण दाबा. दिवा लुकलुकतो, काही मिनिटं लागतात. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहतं, म्हणून लोडशेडिंगच्या भागात हे काम इन्व्हर्टरवर करा.

एसएमपीएसची परीक्षा

बोर्डावर ठपका ठेवण्याआधी एसएमपीएसला तपासणं भाग आहे. सगळ्या वायरी बोर्डापासून, कार्डापासून, डिस्कपासून काढा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर शोधा. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात, मग असं मोजा: खिट्टीच्या बाजूच्या रांगेत एक भोक रिकामं असतं. ते आठवं येईल अशा टोकापासून मोजलं की चौथी पिन हवी ती. तिच्या दोन्ही बाजूच्या पिना जमिनीच्या. प्लग काढलेला असतानाच पेपरक्लिप वाकवून चौथी आणि पाचवी जोडा, मग प्लग लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान चालू तरी होतो. काही एसएमपीएसांचे पंखे गरम झाल्याशिवाय फिरत नाहीत, म्हणून कॅबिनेटचा एखादा पंखा त्याला जोडून ठेवा.

मल्टीमीटर असेल तर मोजा. १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५, ३.३ व्होल्टवर साधारण ३.१४ ते ३.४७. या हद्दीबाहेर आकडा आला तर तो एसएमपीएस बोर्डाला लावू नका. आकडे बरोबर आले म्हणजे तो शंभर टक्के चांगला असं मात्र नाही, कारण भार नसताना बरेच दोष लपतात. एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर जीवघेणा धक्का देऊ शकतो.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवावं असं वाटतं: सुटणाऱ्या वायरींच्या एसएमपीएसला दुसऱ्या एसएमपीएसची वायर लावू नका. कनेक्टर बसतो, पण एसएमपीएसच्या टोकाला कुठली पिन कसली, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क आणि बोर्ड एका क्षणात जातात. मित्राचा एसएमपीएस तपासायला आणलात तर त्याच्या वायरींसकट आणा.

बोर्डाकडे डोळ्यांनी

आता बोर्ड. खिडकीजवळ, उजेडात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून. वास घ्या, जळालेल्या चिपचा वास कितीतरी दिवस राहतो. प्रोसेसरभोवतीच्या काळ्या चौकोनी चिपांवर खड्डा, फोड किंवा तपकिरी डाग आहे का? बोर्ड उलटा करा. कूलर बसवताना स्क्रू ड्रायव्हर घसरून पडलेला ओरखडा दिसतो का? नुसता वरचा रंग खरवडला असेल तर काळजी नाही, खालची तांब्याची रेघ तुटली असेल तर ती रेघ ज्या स्लॉटकडे जाते तो गेला असं समजा. स्लॉटांच्या कडेच्या धुळीच्या कणांएवढ्या कपॅसिटरांपैकी एखादा खरवडून निघालाय का, तेही बघा. त्याच्या जागी दोन रिकामे चंदेरी ठिपके दिसतात.

मल्टीमीटरची एक तपासणी इथे फार उपयोगी पडते. सगळी वीज काढा. मीटर 'बीप'वर ठेवा, काळी सुई स्क्रूच्या भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर, लाल सुई आठ पिनांच्या सॉकेटमधल्या एकेका पिनेवर. एका रांगेतल्या चार पिना वाजणारच, त्या जमिनीच्या. दुसऱ्या रांगेतल्या चार १२ व्होल्टच्या, त्या सतत वाजायला नकोत. क्षणभर वाजून थांबलं तर ते कपॅसिटर भरल्याचं लक्षण, ठीक आहे. दोन्ही रांगा सतत वाजत असतील तर प्रोसेसर काढून परत एकदा तपासा. तरीही वाजत असेल तर बोर्डावरचा एखादा मॉस्फेट (प्रोसेसरला वीज देणारी चिप) शॉर्ट झालाय. असा बोर्ड परत वीजेला लावू नका आणि त्यात दुसऱ्याचा चांगला प्रोसेसर तर मुळीच घालू नका.

शेवटी सॉकेट

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० पिना, एएमडीच्या एएम-५ मध्ये १७१८. केसाएवढ्या बारीक, आणि सॉकेटच्या एकेका भागातल्या सगळ्या एकाच दिशेला एकाच कोनात झुकलेल्या असतात. त्यामुळे टॉर्च तिरका धरून बोर्ड हळूहळू फिरवला की त्या शेतातल्या पिकासारख्या ओळीने चमकतात. जिथे चमक तुटते तिथे थांबा. मोबाइलने जवळून फोटो काढा, मोठा करून पाहा. चारही दिशांनी फोटो घ्या आणि ते जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळीही लागतील.

पिन सरळ करण्याआधी एकदा ठरवा की तुम्हाला हे खरंच करायचंय का. वाकलेली पिन बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे गमावण्यासारखं फार नसतं, पण आधी सर्व्हिस सेंटरला फोटो दाखवून विचारणं चांगलं. करायचं ठरवलंत तर ०.५ मिलिमीटरची पेन्सिल घ्या, तिच्यातलं शिसं पूर्ण काढून टाका. तिचं पोकळ टोक वाकलेल्या पिनेवर टोपीसारखं बसतं. हात टेबलावर टेकवा. पिन उभी करायची नाही, शेजारणीच्या कोनात आणायची. एका दमात नको: थोडं हलवा, फोटो काढा, पाहा, परत थोडं. पिन पुढेमागे बऱ्याचदा वाकवली की तुटते. पेन्सिल शिरत नसेल तर शिवणाची बारीक सुई. कापूस तिथे अजिबात नेऊ नका, त्याचे तंतू चांगल्या पिनांना अडकून त्याही ओढतात. कूलरखालची थर्मल पेस्ट सांडली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अतिशय मऊ ब्रश, पिना झुकल्या आहेत त्याच दिशेने.

मला त्या एका पिनेला चाळीस मिनिटं लागली. प्रोसेसर परत ठेवताना त्याच्या कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला, सरळ खाली ठेवला, सरकवला नाही. पीसी चालू केला तेव्हा पूर्ण सोळा जीबी दिसली. भाऊ झोपला होता, त्याला उठवून दाखवली.

पिन तुटलीच असेल तर लगेच हाय खाऊ नका. त्या पिनांतल्या कितीतरी फक्त जमिनीच्या किंवा विजेच्या असतात आणि एकीवाचून काम चालून जाऊ शकतं. रॅमची किंवा स्लॉटची पिन असेल तर तेवढाच भाग बंद राहतो.

एएमडीच्या जुन्या एएम-४ सॉकेटमध्ये उलट असतं. १३३१ पिना प्रोसेसरला असतात आणि बोर्डाला भोकं. तिथे कूलर ओढताना प्रोसेसरच पेस्टला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी चालू होत असेल तर आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळा आणि नंतरच उचला. वाकलेल्या पिना जुन्या एटीएम कार्डाची कडा ओळींच्या मधून फिरवून सरळ करता येतात.

जे घरी होत नाही

मॉस्फेट बदलणं, तुटलेली रेघ जोडणं, उडालेला कपॅसिटर बसवणं ही चिप लेव्हलच्या कारागिराची कामं. त्यासाठी गरम हवेचं स्टेशन आणि सूक्ष्मदर्शक लागतो. घरच्या सोल्डरिंग आयर्नने करू नका. कारागिराकडे जाताना लिहून ठेवलेल्या नोंदी न्या: काय लावलं, काय दिसलं, कुठल्या रांगेत बीप वाजला. त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी तिकडे जा. भारतात बऱ्याच बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि बाहेर कुणी सोल्डर लावलं की ती संपते.

वॉरंटीला टाकताना जीएसटीचं बिल, खोक्यावरचा आणि बोर्डावरचा सिरियल नंबर, आणि सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण लागतं. ते झाकण बोर्ड जुळवताना निघतं आणि लोक फेकून देतात. ते बिलासोबत ठेवा, कारण त्याच्याशिवाय बरीच सेंटर बोर्ड घेतच नाहीत. पिन तुम्ही सरळ केली असेल तर तसं सांगा. बोर्ड देताना त्यांच्यासमोर सॉकेटचा फोटो काढा आणि पावतीवर 'सॉकेटच्या पिना ठीक' असं लिहून घ्या. नंतर "पिना वाकलेल्या होत्या" असं उत्तर आलं तर तुमच्या हातात पुरावा राहतो. दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.

बदलून आलेला बोर्ड घेताना काउंटरवरच झाकण उघडा, टॉर्च तिरका धरून पिनांची ओळ पाहा, फोटो काढा आणि मगच सही करा. घरी आल्यावर आधी खोक्यावर, एका रॅमसह चालू करा. डिस्प्ले आला की मग कॅबिनेटमध्ये.